नवा संगणक आला म्हणून जुना लगेच पुसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे व्यवस्थित चालणारी यंत्रेही अपग्रेड होत नाहीत आणि अनेकांना नवा संगणक घेणे भाग पडते. कोणता संगणक घ्यावा याबद्दल वर्तमानपत्रांतून भरपूर छापून येते. जुन्यातला डेटा आणि प्रोग्रॅम नव्यात कसे न्यावेत, याबद्दल मात्र ‘पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या’ यापलीकडे सहसा काही सांगितले जात नाही. संगणक बसवून देणारे कित्येकजण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन फोल्डर कॉपी करतात, जुन्या यंत्राला त्याच दिवशी फॉरमॅट मारतात आणि काम झाले म्हणून सांगतात. काही दिवसांनी जुनी ईमेल, हिशेबाचा डेटा, मराठी फॉन्ट यांची शोधाशोध सुरू होते. तोवर जुनी डिस्क कोरी झालेली असते. हे नुकसान पूर्णपणे टाळता येते, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. फाइली कॉपी करता येतात. प्रोग्रॅम कॉपी करून चालत नाहीत, ते नव्याने बसवावे लागतात. सी ड्राइव्हमधील ‘प्रोग्रॅम फाइल्स’ हा फोल्डर उचलून नव्या संगणकात टाकला तर त्यातले बहुतेक प्रोग्रॅम उघडत नाहीत. बसवताना प्रोग्रॅम आपल्या नोंदी रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत) करतो, काही सामायिक डीएलएल फाइली विंडोजच्या फोल्डरात ठेवतो, काही सेटिंग्ज ‘प्रोग्रॅमडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात लिहितो, कधी पार्श्वभूमीला चालणारी सर्व्हिसही नोंदवतो. कॉपी केलेल्या फोल्डरात यांतले काहीच येत नाही. अपवाद फक्त पोर्टेबल प्रोग्रॅमांचा. ते एकाच फोल्डरात सामावलेले असतात आणि कुठेही नेले तरी चालतात. विंडोज ७ मध्ये ‘ईझी ट्रान्सफर’ नावाची सोय होती, ती विंडोज १० मध्ये काढून टाकली गेली. तीसुद्धा फाइली आणि सेटिंग्जच नेत असे, प्रोग्रॅम नव्हे. आत्ताचे ‘विंडोज बॅकअप’ हे ॲपही साधे डेस्कटॉप प्रोग्रॅम उचलून नेत नाही. पैसे देऊन मिळणारी काही साधने प्रोग्रॅमसुद्धा हलवतात, पण परवान्याची कुलपे असलेल्या प्रोग्रॅमांपुढे तीही अडतात आणि जुन्या यंत्रातला कचरा नव्यात आणतात. माझ्या मते त्यांच्या वाटेला जाऊ नये.

म्हणून कामाची सुरुवात कॉपीने न करता यादीने करावी. जुन्या संगणकावर सेटिंग्जमधील ‘ॲप्स अँड फीचर्स’ (काही आवृत्त्यांत ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’) उघडून प्रत्येक प्रोग्रॅमचे नाव आणि आवृत्ती लिहून घ्यावी किंवा मोबाइलने फोटो काढावेत. कमांड प्रॉम्प्ट वापरता येत असेल तर ‘विनगेट’ या प्रोग्रॅम बसवून देणाऱ्या विंडोजच्या साधनाची एक्स्पोर्ट आज्ञा ही यादी फाइलीत उतरवून देते आणि नव्या संगणकावर इम्पोर्ट आज्ञेने तेच प्रोग्रॅम ओळीने बसवता येतात. विनगेटच्या भांडारात असलेलेच प्रोग्रॅम त्या फाइलीत येतात, बाकीचे हाताने लिहावे लागतात. यादीतल्या प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी हव्यात: सेटअप फाइल कुठून मिळेल, परवान्याची की किंवा लॉगिन कोणते, आणि तो प्रोग्रॅम आपला डेटा कुठे ठेवतो. या तिसऱ्या रकान्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि डेटा तिथेच हरवतो.

डेटा कुठे असतो हे पाहू. सी ड्राइव्हवरच्या ‘यूझर्स’मध्ये आपल्या नावाचा फोल्डर असतो. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक ही त्यातली ठळक घरे. पण त्याच फोल्डरात ‘ॲपडेटा’ नावाचा लपवलेला फोल्डर असतो आणि त्यात ‘लोकल’, ‘लोकललो’ व ‘रोमिंग’ हे तीन भाग असतात. एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘हिडन आयटम्स’वर खूण केल्याशिवाय तो दिसत नाही. वर्डचा आपण बदललेला मूळ टेम्प्लेट ‘नॉर्मल’ आणि आपण शिकवलेल्या शब्दांचा कोश हे दोन्ही रोमिंगमध्ये असतात. टेम्प्लेट ‘मायक्रोसॉफ्ट’ फोल्डरातल्या ‘टेम्प्लेट्स’मध्ये, शब्दकोश ‘यूप्रूफ’मध्ये. वर्षानुवर्षे मराठी नावे आणि संज्ञा शिकवलेला तो कोश काही केबींचा असतो, पण तो गेला की पुन्हा उभा करायला तितकीच वर्षे लागतात. स्टिकी नोट्समध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले असेल तर नोंदी क्लाउडवर जातात. केले नसेल तर त्या ‘लोकल’मधील ‘पॅकेजेस’खाली स्टिकी नोट्सच्या फोल्डरात ‘प्लम’ नावाच्या डेटाबेस फाइलीत असतात. त्या नावाच्या शेजारच्या दोन जोडफाइलीही सोबत घ्याव्या लागतात, नाहीतर ताज्या नोंदी राहून जातात.

जुन्या प्रोग्रॅमांच्या बाबतीत आणखी एक ठिकाण पाहायलाच हवे. विंडोज एक्सपीच्या काळातले कित्येक प्रोग्रॅम आपला डेटा थेट प्रोग्रॅम फाइल्समध्येच लिहीत. व्हिस्टापासून विंडोजने त्यावर बंदी आणली, पण असे प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ते लेखन गुपचूप ‘लोकल’मधील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डराकडे वळवले. अशा वेळी प्रोग्रॅममध्ये आजच्या नोंदी दिसतात, पण प्रोग्रॅम फाइल्समध्ये सापडणारी डेटा फाइल जुन्या तारखेची असते. तीच कॉपी केली तर नव्या संगणकावर मधली वर्षे गायब झालेली दिसतात. फाइलीची ‘मॉडिफाइड’ तारीख ताजी आहे का, हे पाहिल्याशिवाय ती खरी डेटा फाइल मानू नये.

हिशेबाचे, दवाखान्याचे, ग्रंथालयाचे किंवा सोसायटीचे सॉफ्टवेअर असेल तर त्याचा फोल्डर परस्पर कॉपी करण्यापेक्षा त्या सॉफ्टवेअरच्या आतला ‘बॅकअप’ पर्याय वापरावा आणि नव्या संगणकावर ‘रिस्टोअर’ करावे. चालू डेटाबेसच्या फाइली कॉपी करताना त्या अर्ध्या लिहिलेल्या अवस्थेत असू शकतात आणि अशी प्रत नेमकी गरजेच्या वेळी उघडत नाही. नव्या संगणकावरची आवृत्ती जुन्याइतकीच किंवा त्याहून नवी असावी. नव्या आवृत्तीचा बॅकअप जुनी आवृत्ती बहुधा वाचत नाही. एकदा नव्या आवृत्तीने डेटा उघडून रूपांतरित केला की जुन्यात परत जाता येत नाही, त्यामुळे मूळ बॅकअपची एक प्रत न उघडता बाजूला ठेवावी.

वनड्राइव्हने केलेला घोळ अलीकडे फार दिसतो. वनड्राइव्हचा फोल्डर-बॅकअप चालू असेल तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर मूळ जागी राहत नाहीत. ते वनड्राइव्हच्या फोल्डरात सरकलेले असतात. डिस्क बाहेर काढून कॉपी करणाऱ्याला मूळ जागी रिकामा डॉक्युमेंट्स फोल्डर दिसतो आणि ‘इथे काही नव्हतेच’ असा त्याचा समज होतो. दुसरी अडचण अशी की, ज्या फाइलींवर निळ्या ढगाची खूण असते त्या संगणकात नसतातच, नुसते नाव असते. संगणक चालू आणि इंटरनेट जोडलेले असताना त्या कॉपी केल्या तर आधी डाउनलोड होतात. बाहेर काढलेल्या डिस्कवरून त्या मिळणार नाहीत. कॉपीपूर्वी फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडावे आणि सगळ्या खुणा हिरव्या होईपर्यंत थांबावे. मोफत जागा ५ जीबीच असते. ती भरली की सिंक थांबते आणि आपण मात्र सगळे क्लाउडवर आहे असे धरून चालतो.

ईमेलकडे वळू. ब्राउझरमध्येच मेल पाहणाऱ्यांना काही करायचे नाही. आउटलुक वापरणाऱ्यांनी खाते कोणत्या पद्धतीचे आहे ते आधी पाहावे. पीओपी खात्यात मेल संगणकावर उतरते आणि बऱ्याचदा सर्व्हरवरून पुसली जाते. ती सगळी पीएसटी फाइलीत असते. आउटलुक २०१० पासून तिची नेहमीची जागा डॉक्युमेंट्समधील ‘आउटलुक फाइल्स’ ही आहे, त्याआधीच्या आवृत्त्यांत ती ॲपडेटात असे. ही फाइल आउटलुक पूर्ण बंद करूनच कॉपी करावी. पेनड्राइव्हवर असतानाच ती उघडू नये, आधी डिस्कवर घ्यावी. सीडी-डीव्हीडीवरून घेतली असेल तर तिच्यावर ‘रीड-ओन्ली’ची खूण राहते आणि आउटलुक तिला नाकारते, प्रॉपर्टीजमध्ये ती खूण काढावी लागते. वनड्राइव्ह सिंक करत असलेल्या फोल्डरातही ती ठेवू नये. आयमॅप आणि एक्स्चेंज खात्यांत ओएसटी फाइल असते. ती सर्व्हरवरच्या मेलची प्रत असल्यामुळे न्यायची गरज नाही, दुसऱ्या संगणकावर ती उघडतही नाही. पण यात एक मोठी गोम आहे. आउटलुक २०१३ पासून आयमॅप खात्यातले संपर्क आणि कॅलेंडर ‘धिस कॉम्प्युटर ओन्ली’ अशा शेऱ्यासह त्याच ओएसटीत राहतात, सर्व्हरवर जात नाहीत. ते आधी पीएसटीत एक्स्पोर्ट केले नाहीत तर शेकडो पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक जुन्या डिस्कबरोबर जातात. नव्या विंडोजबरोबर येणारे मोफत आउटलुक आणि ऑफिसमधले क्लासिक आउटलुक ही दोन वेगळी आहेत. पीएसटीचे काम क्लासिकमध्येच करावे. थंडरबर्ड वापरणाऱ्यांचे काम सोपे आहे. प्रोग्रॅम बंद करून रोमिंगमधील त्याचा सबंध प्रोफाइल फोल्डर नेला की मेल, खाती, संपर्क सगळे येते.

ब्राउझरचे बुकमार्क सिंकने येतात. क्रोमचा प्रोफाइल फोल्डर कॉपी केला तरी पासवर्ड येत नाहीत, कारण ते त्या विंडोज खात्याशी बांधलेल्या किल्लीने बंद केलेले असतात. सिंक वापरायचे नसेल तर पासवर्ड सीएसव्ही फाइलीत एक्स्पोर्ट करावे लागतात. त्या फाइलीत प्रत्येक पासवर्ड उघड्या अक्षरांत असतो, हे विसरू नये. नव्या संगणकात इम्पोर्ट होताच ती दोन्ही यंत्रांवरून, पेनड्राइव्हवरून आणि रिसायकल बिनमधूनही पुसावी. फायरफॉक्सचा प्रोफाइल फोल्डर मात्र सबंध नेला तर पासवर्डांसकट चालतो. डिजिटल सिग्नेचर यूएसबी टोकनवर असेल तर नव्या संगणकावर टोकनचा ड्रायव्हर पुरेसा असतो. प्रमाणपत्र संगणकातच असेल तर ते खासगी किल्लीसह पीएफएक्स फाइल म्हणून एक्स्पोर्ट करावे लागते. बसवताना किल्ली ‘एक्स्पोर्टेबल’ ठेवली नसेल तर ते निघत नाही आणि नवे घ्यावे लागते. हे जुना संगणक हाताशी असतानाच कळलेले बरे.

आता मराठी मजकुराविषयी, कारण याबद्दल कुठेच लिहिले जात नाही. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतो; फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. नव्या संगणकात तो फॉन्ट नसेल तर पानेच्या पाने निरर्थक रोमन अक्षरांची दिसतात. फाइल बिघडली असे समजून लोक ती टाकून देतात. फाइल बिघडलेली नसते, तिला तोच फॉन्ट हवा असतो. जुन्या संगणकातील विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरातून त्या फॉन्टांच्या फाइली आवर्जून घ्याव्यात. विंडोज १० च्या काळात फक्त स्वतःच्या खात्यापुरते बसवलेले फॉन्ट तिथे नसतात. ते ॲपडेटातील लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा मार्गावर सापडतात. टंकलेखनाचे पॅकेज यूएसबी लॉकवर (परवान्यासाठी पोर्टला लावायच्या कळीवर) चालत असेल तर लॉक जपून ठेवावे आणि त्याचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का, ते आधी तपासावे. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. ३२-बिट ड्रायव्हर तिथे बसत नाहीत. ३२-बिट प्रोग्रॅम बहुतेक चालतात, १६-बिट मुळीच चालत नाहीत.

हा मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत) बदलून घेण्याचे काम स्थलांतराच्या दिवशीच काढू नये. प्रत्येक फॉन्टकुटुंबाची मांडणी वेगळी, त्यामुळे प्रत्येकाला त्याचाच कन्व्हर्टर लागतो. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे यांत चुका राहतात, अंकही कधी बदलतात. मूळ फाइल कायम ठेवून, फॉन्ट हाताशी असताना, दोन्ही शेजारी उघडून तपासत हे काम सावकाश करायचे असते.

युनिकोडमध्ये लिहिणाऱ्यांनाही एक धक्का बसतो. मंगल फॉन्टात तयार केलेले जुने दस्तऐवज नव्या संगणकावर उघडले की ओळी आणि पाने सरकलेली दिसतात. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट मूळ संचात नाहीत. त्यांच्या जागी निर्मला यूआय येतो आणि त्याची रुंदी वेगळी आहे. सेटिंग्जमधील ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ बसवले की पाने पूर्ववत होतात. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडल्यावर मिळतो.

परवान्यांबद्दल थोडक्यात. संगणकाबरोबर आलेले ओईएम विंडोज त्या मदरबोर्डशी बांधलेले असते, ते नव्यात नेता येत नाही आणि नव्याला स्वतःचे असतेच. ऑफिस कोणत्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर नोंदले आहे ते पाहून ठेवावे. बहुतेक वेळा अडते ते की हरवल्यामुळे नव्हे, तर खात्याचा पत्ता आठवत नसल्यामुळे. ज्या प्रोग्रॅमांना ठरावीक यंत्रांपुरतेच ॲक्टिव्हेशन असते ते जुन्या संगणकावर उघडून ‘डीॲक्टिव्हेट’ किंवा ‘साइन आउट’ करावेत. ते न करता डिस्क पुसली तर एक परवाना मेलेल्या यंत्रावर अडकतो आणि कंपनीशी पत्रव्यवहार करावा लागतो.

कॉपी कशावरून करायची हे डेटाच्या आकारावर ठरते. यूएसबी २.० चा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात मिळतात ३० ते ४० एमबी. ३०० जीबीला त्या वेगाने दोन ते पावणेतीन तास लागतात. यूएसबी ३.० च्या पोर्टला पोर्टेबल हार्ड डिस्क लावली तर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास, म्हणजे तासाभरात काम होते. दोन्ही संगणकांना गिगाबिट लॅन पोर्ट असतील तर एका नेटवर्क केबलनेही साधारण तोच वेग मिळतो. हे हिशेब मोठ्या फाइलींचे झाले. हजारो लहान फाइली असतील तर प्रत्येकीची नोंद वेगळी करावी लागते आणि वेग फारच खाली येतो. साध्या पेनड्राइव्हवर तर रात्र जाते. म्हणून कामाला पेनड्राइव्ह न वापरता पोर्टेबल हार्ड डिस्क किंवा एसएसडी घ्यावी. तिचा फॉरमॅट (फाइली मांडण्याची पद्धत) एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल तिच्यावर बसत नाही, कितीही जागा मोकळी असली तरी. विंडोजमधून विंडोजमध्ये न्यायचे असेल तर एनटीएफएस, मॅकशीही संबंध असेल तर एक्सफॅट ठेवावी. एक्सफॅटला जर्नल (बदलांची नोंदवही) नसते, त्यामुळे ‘सेफली रिमूव्ह’ न करता केबल ओढली तर नुकसानाची शक्यता जास्त.

कॉपी करताना ‘कट’ कधीही करू नये. मध्येच वीज गेली किंवा केबल हलली तर कोणती फाइल कुठल्या बाजूला राहिली, ते कळत नाही. त्यात जुनी डिस्क एसएसडी असेल तर पुसलेली जागा ट्रिम आज्ञेने लवकरच रिकामी होते आणि डेटा रिकव्हरीवाल्याच्याही हाती काही लागत नाही. मोठ्या कॉपीसाठी एक्स्प्लोररपेक्षा विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा चांगली. ती अडलेल्या फाइलीची नोंद ठेवून पुढे जाते आणि पुन्हा चालवली तर राहिलेलेच उचलते. तिच्यातले तीन धोके मात्र माहीत हवेत. न वाचता येणाऱ्या फाइलीवर ती मूळ सेटिंगने १० लाख वेळा प्रयत्न करते आणि दर वेळी ३० सेकंद थांबते, म्हणजे व्यवहारात अडकूनच पडते. आज्ञेला जोडायचे आर (किती वेळा प्रयत्न) आणि डब्ल्यू (किती सेकंद थांबायचे) हे दोन स्विच प्रत्येकी १ वर ठेवावेत. एक्सजे हा स्विच दिला नाही तर ॲपडेटातील जुन्या नावांच्या जोडण्यांमध्ये ती गोल गोल फिरू शकते. आणि मिरर हा स्विच, म्हणजे एमआयआर, मुक्कामाच्या फोल्डरात जे जास्तीचे असेल ते पुसून टाकतो. तो चुकीच्या फोल्डरावर चालला तर दुसराच बॅकअप नष्ट होतो. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

एक्स्प्लोरर २६० अक्षरांपेक्षा लांब मार्ग असलेल्या फाइलींवर अडतो. मूळ जागी जेमतेम बसणारा मार्ग ‘जुन्या संगणकाचा संपूर्ण बॅकअप’ अशा लांबलचक नावाच्या फोल्डरात टाकला की मर्यादा ओलांडतो. देवनागरी नावांत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येक वेगळे अक्षर म्हणून मोजले जातात, त्यामुळे डोळ्यांना लहान वाटणारे नावही लांब असते. बॅकअपच्या फोल्डराला एकदोन अक्षरांचेच नाव द्यावे. फाइलींची झिप करायची तर ७-झिपने करावी. जुन्या विंडोजमधली अंगभूत झिप देवनागरी नावे नाकारते किंवा बिघडवते.

कॉपी संपल्यावर तपासणी. दोन्हीकडच्या फोल्डरांच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि ‘साइझ’चा बाइटमधला आकडा जुळवावा. ‘साइझ ऑन डिस्क’ जुळत नाही, जुळायलाही नको, कारण तो डिस्कच्या क्लस्टरवर (जागेच्या ठरावीक तुकड्यांवर) अवलंबून असतो. अतिशय मोलाच्या मोठ्या फाइलींचा एसएचए-२५६ हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) दोन्हीकडे काढून पाहावा. ७-झिप बसवले की तो राइट क्लिकच्या मेनूतच मिळतो. आकडे जुळले तरी प्रत्येक प्रकारच्या दोन-चार फाइली प्रत्यक्ष उघडाव्यात. फोटोंची ‘क्रिएटेड’ तारीख कॉपीच्या दिवसाची होते, ‘मॉडिफाइड’ कायम राहते; कॅमेऱ्याने फोटोत लिहिलेली तारीखही तशीच असते. क्रम विस्कटलेला दिसला तर ‘डेट टेकन’नुसार लावावेत.

नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली तर यूझर फोल्डराला ईमेल पत्त्याची पहिली पाच अक्षरे हेच नाव मिळते. जुन्या संगणकावर नाव वेगळे असेल तर एकमेकींना जोडलेल्या एक्सेल शीट, मेल मर्ज, व्हिडिओ एडिटिंगचे प्रोजेक्ट, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट या सगळ्यांचे मार्ग तुटतात. फोल्डराचे नाव नंतर बदलणे जिकिरीचे आणि धोक्याचे आहे. अशा जोडण्या पुष्कळ असतील तर आधी जुन्या नावाचे लोकल खाते तयार करून त्यात काम करावे. जुना डेटा डी ड्राइव्हवर असेल तर नव्या विभागालाही ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून डी हेच अक्षर द्यावे.

जुना संगणक सुरूच होत नसेल तर त्याची डिस्क काढून यूएसबीने जोडता येते. अडीच इंची साटा डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते, साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. एम.२ पट्टी असेल तर ती एनव्हीएमई की साटा, म्हणजे कोणत्या जोडणीची, ते पाहूनच एन्क्लोजर (डिस्क बसवायची यूएसबी पेटी) घ्यावे. दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी एकीचे एन्क्लोजर दुसरीला बहुधा चालत नाही. उघडताना ‘ॲक्सेस डिनाइड’ आले तर घाबरू नये. जुन्या खात्याची ओळख नव्या विंडोजला परकी असते, ॲडमिनिस्ट्रेटरने ‘कंटिन्यू’ केले की परवानगी मिळते. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) लावलेला असेल तर मात्र ४८ अंकी रिकव्हरी की लागते, तिच्याशिवाय कोणीही काही करू शकत नाही. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवर ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून शोधून कागदावर लिहून ठेवावी. हार्ड डिस्क कटकट आवाज करत असेल, किंवा स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) रीअलोकेटेड आणि पेंडिंग, म्हणजे खराब आणि संशयित, सेक्टरांचे आकडे वाढत असतील, तर तपासण्या, डीफ्रॅग, चेकडिस्क काहीही चालवू नये. ज्यांना पर्याय नाही अशा फाइली आधी उचलाव्यात, चित्रपट आणि सेटअप फाइली शेवटी. तुटक्या फुटक्या डिस्कवरच्या प्रत्येक वाचनासोबत पुढच्या वाचनाची आशा कमी होते.

मॅकवाल्यांना ‘मायग्रेशन असिस्टंट’ प्रोग्रॅमांसकट सगळे नेऊन देतो. मॅकओएस कॅटालिना म्हणजे २०१९ पासून ३२-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत, तेवढे पाहून ठेवावे.

सगळे हलवून झाल्यावर जुना संगणक निदान एक पूर्ण महिना जसाच्या तसा ठेवावा, इंटरनेटपासून तोडून. महिनाअखेरीचे हिशेब, वर्षातून एकदा लागणारे फॉर्म, कधीतरीच वापरला जाणारा स्कॅनर अशा गोष्टी पहिल्या आठवड्यात आठवत नाहीत. नव्या संगणकाचा स्वतंत्र बॅकअपही याच काळात सुरू व्हावा. जुने यंत्र हा बॅकअप नव्हे. विक्रेत्यांना आणि दुरुस्ती करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, जुना संगणक परत घेताना गिऱ्हाइकाला त्याची डिस्क काढून स्वतःकडे ठेवण्याचा पर्याय द्यावा. ती काढायला सहसा चार-सहा स्क्रूंपेक्षा जास्त काही लागत नाही.

पुसायची वेळ आली की पद्धत डिस्कवर ठरते. फाइली डिलीट करणे किंवा ‘क्विक फॉरमॅट’ यांत फक्त सूची जाते, डेटा राहतो. फिरत्या हार्ड डिस्कला ‘क्विक’वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे, व्हिस्टापासून त्यात सर्वत्र शून्ये लिहिली जातात. एसएसडीवर वरून लिहिण्याचा भरवसा नाही, कारण ती लेखन स्वतःच्या हिशेबाने वेगवेगळ्या पेशींत वाटते. तिला निर्मात्याच्या साधनातील ‘सिक्युअर इरेज’ द्यावे, किंवा ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून ‘क्लीन डेटा’ चालू करावे. त्याआधी यादी एकदा समोर ठेवून प्रत्येक परवाना डीॲक्टिव्हेट झाला आहे का, ते पाहावे.

आपला,
संगणक देखभाल-दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक